दाट खाली, पातळ वर

माझी नणंद काचा धुते, असं मी नऊ वर्षं लोकांना सांगत आले. ते खोटंही नव्हतं. एका इस्पितळाला लागून असलेल्या प्रयोगशाळेत ती बाटल्या, पेले, मोजनळ्या आणि काचेच्या मोठमोठ्या पाट्या धुवायची. आधी साबणाचं पाणी, मग नळाचं, मग दोनदा शुद्ध पाण्याची धार, आणि शेवटी जाळीच्या कपाटात सगळं उपडं. पाटीवर बोटाचा ठसासुद्धा राहिलेला चालत नाही, असं ती सांगायची. आमच्या घरची ताटं मात्र तिने धुतली की कुठेतरी साबणाचा ओघळ असायचाच. मी बोलले तर म्हणायची, "तिथे तपासणारे आहेत वहिनी. इथे तुम्ही आहात."

घरात तिला सगळे हळूबाई म्हणतात. नाव ठेवलं सासूबाईंनी, म्हणजे तिच्या सख्ख्या आईनेच. "हिला पाणी आणायला पाठवा, तहान मरून भूक लागेल," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. यांच्या पाठची ती, चार वर्षांनी लहान. सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला असताना लग्न झालं, लग्न तीन वर्षं टिकलं, आणि ती दोन बॅगा घेऊन आमच्याकडे आली. त्या दोन बॅगा लावायला तिला आठवडा लागला. तेव्हा मला वाटलं, दुःखाने हात चालत नसेल. मग कळलं की सुखातही तो एवढाच चालतो.

पण ती करायची काय ते सांगायचं तर आधी जेल म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण आमच्या शेजारणीला बरेच दिवस ती तुरुंगात नोकरीला आहे असंच वाटत होतं. ही जेल म्हणजे दोन काचांच्या मध्ये जमवलेला पारदर्शक, थरथरता पापुद्रा. जाडी नाण्याएवढी, उंची वीतभराहून जास्त. वरच्या कडेला कंगव्यासारख्या पट्टीने खाचा पाडलेल्या असतात. त्या खाचांत रुग्णांच्या रक्तातला पिवळसर पाण्यासारखा भाग थेंबाथेंबाने सोडतात, विजेचा प्रवाह लावतात, आणि रक्तातली प्रथिनं खाली धावायला लागतात. लहान पुढे, मोठी मागे. मग जेलला रंग चढवला की प्रत्येक खाचेखाली निळ्या आडव्या रेघा दिसतात आणि त्यावरून डॉक्टरांना काय ते उमगतं.

साधी जेल सगळीकडे सारखीच घट्ट असते. या प्रयोगशाळेला लागायची ती ग्रेडियंट जेल, चढत्या घट्टपणाची. वर सैल आणि खाली जाईल तशी घट्ट. वरून खाली भोकं बारीक होत जाणारी एक चाळण डोळ्यांसमोर आणा. मोठी प्रथिनं वरच अडतात, बारकी तळापर्यंत पोचतात, आणि एकाच काचेत दोघांचा निवाडा लागतो. मी स्वतः रसायनशास्त्र घेऊन पदवी घेतलेली, पण हे मला तिने शिकवलं, भाजी निवडता निवडता. निवडलेली भाजी बहुतेक माझीच असायची.

ती ओतायचं साधन एवढंसं. शेजारी शेजारी दोन पेले, तळाशी एका बारीक वाटेने जोडलेले, वाटेवर चावी. एका पेल्यात दाट द्रावण, दुसऱ्यात पातळ. दाटात साखर आणि चिमूटभर निळा रंग, म्हणजे आत काय चाललंय ते डोळ्यांना दिसतं. दाटाच्या पेल्याला तोटी, तोटीला नळी, आणि नळीचं टोक दोन काचांच्या फटीत. चावी आणि तोटी उघडली की दाट बाहेर पडायला लागतं, त्याच्या जागी शेजारचं पातळ येऊन मिसळत राहतं, आणि काचांच्या मध्ये तळाला गडद निळं, वर फिकं, अगदी वर पाण्यासारखं असं चढत जातं. ओतण्याआधी दोन्ही पेल्यांत जमवणारं औषध घालावं लागतं. तिथे सगळे त्याला विरजणच म्हणायचे. ते पडलं की घड्याळ सुरू. दहाबारा मिनिटांत द्रावण धरायला लागतं, मग ते काचेत पोचलेलं असो की नळीत अडकलेलं. आणि जमेपर्यंत ते विष असतं, अंगावर पडलं तर नसांना बाधतं, म्हणून हातमोजे घातल्याशिवाय कोणी जवळ जायचं नाही.

एकतीस वर्षं तिथल्या जेल एकट्या काकांनी ओतल्या. काका म्हणजे प्रयोगशाळेचे टेक्निशियन. बोलणं कमी, पोट जास्त, आणि हात असा की परगावचे लोक त्यांच्या जेलचे फोटो मागवायचे. त्यांचं टेबल खोलीच्या मधोमध होतं आणि टेबलापलीकडे, बरोबर समोर, हळूबाईचं सिंक. काच धुता धुता मान वर केली की समोर काकांचे हात. नऊ वर्षं तिने तेच बघितलं. आमच्याकडे कोणी मालिका बघतं, तशी ती काकांचे हात बघायची.

मग एका उन्हाळ्याच्या तोंडाला काकांच्या निवृत्तीची तारीख आली. तयार जेल विकत मिळतात, पण त्या तळहाताएवढ्या. या लोकांना लागणाऱ्या मोठ्या मापाच्या मिळत नाहीत. जागेसाठी दोनदा जाहिरात दिली. पहिला उमेदवार आला, त्याने तीन दिवसांत चार नळ्या जमवून बंद पाडल्या. दुसरा आठवडाभराने म्हणाला, उभं राहून पाठ दुखते. त्याच महिन्यात प्रयोगशाळेच्या मुख्य बाईंनी हळूबाईला खोलीत बोलावलं. बाई सरळ माणूस. त्यांनी सांगितलं की तीन महिन्यांत काचा धुण्याचं यंत्र येतंय, आणि ते आलं की धुण्याची जागा राहणार नाही. आधी सांगते म्हणजे तुम्हाला दुसरीकडे बघता येईल.

हळूबाई ऐकून बाहेर आली, दारापर्यंत गेली, आणि परत आत गेली. मधे किती वेळ गेला ते तिने सांगितलं नाही, पण बाईंनी एक फोन करून संपवला होता.

"बाई, मी ओतून बघू का?"

"काय?"

"जेल."

बाईंनी चष्मा काढून तिच्याकडे बघितलं. तिचं कॉलेज अर्धवट आहे, डिप्लोमा नाही, हे त्यांना माहीत होतं. पण काकांच्या जागी ओतणारं कोणी नाही, हेही माहीत होतं. "तीन आठवड्यांनी शुक्रवारी," त्या म्हणाल्या. "माझ्यासमोर चार जेल ओता. चारही नीट धावल्या तर डिप्लोम्याचं मी वर बोलेन. नाही धावल्या तर मला काही करता येणार नाही." आणि काकांना सांगितलं की दुपारी तासभर हिला टेबल द्या.

"टेबल देतो," काका म्हणाले. "हात नाही देणार. नऊ वर्षं भांडी घासून कोणी आचारी होत नाही."

हे तिने घरी येऊन सांगितलं तेव्हा हे वैतागले. "एवढं बोलून घ्यायचं कशाला? दुसरीकडे अर्ज करू. ओळखीत दोन ठिकाणं आहेत."

"काय आहे तिथे?"

"काय म्हणजे? काम आहे."

"काचा धुण्याचं?"

ती एक्केचाळीस वर्षांची होती आणि तिने मागितलेली ही पहिली गोष्ट होती. आमच्या घरात तर तिने कधी जास्तीची उशीसुद्धा मागितली नाही.

पहिल्या दिवशी तिने ओतलेली जेल वरपासून खालपर्यंत एकसारखी गढूळ निळी झाली. तळाला गडद नाही, वर फिकं नाही, सगळीकडे धुरकट. काकांनी खुर्चीवरूनच बघितलं. "आभाळ भरून आलंय," ते म्हणाले आणि चहाला गेले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. तिने द्रावणं मापून परत केली, रंग बदलला, नळी बदलली. आभाळ काही हटेना.

त्या संध्याकाळी ती जेवायच्या टेबलापाशी येऊन बसली आणि समोरच्या वाटाण्याच्या शेंगांपैकी एकही न सोलता म्हणाली, "जमत नाही वहिनी."

"तू नक्की करतेस काय?"

"काका करतात तेच."

"मग दाखव मला." मी शेंगा बाजूला सारल्या आणि पाण्याचे दोन पेले टेबलावर ठेवले.

तिने ते पेले माझ्यापुढे सरकवले आणि स्वतः उठून टेबलाच्या पलीकडे गेली. "तुम्ही काका. मी इथे, सिंकपाशी. आता उजव्या पेल्यात दाट."

मी माझ्या उजव्या हाताच्या पेल्याला हात लावला.

"तो नाही. हा." तिने दुसऱ्या पेल्याकडे बोट केलं.

"हा माझा डावा आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. पेल्यांकडे बघितलं. परत माझ्याकडे. आतून सासूबाईंनी कुकर बंद करायला सांगितला तरी ती हलली नाही. मग म्हणाली, "उठा वहिनी," आणि येऊन माझ्या खुर्चीत बसली. एकदा या हाताने, एकदा त्या हाताने पेल्यांना शिवली, आणि हसायलाच लागली. सासूबाई हात पुसत बाहेर आल्या. "काय झालं हिला?"

"आई, नऊ वर्षं मी काकांना समोरून बघत होते गं. सगळं उलटं पाठ झालंय."

म्हणजे झालं होतं असं. दाट पडत होतं तोटी नसलेल्या पेल्यात आणि पातळ तोटीच्या. काचेत आधी पातळ जायचं, मग त्याच्यावर जड दाट येऊन पडायचं, आणि ते खाली बुडता बुडता सगळं ढवळून टाकायचं.

"पण तोटी कुठल्या पेल्याला आहे ते दिसलं नाही तुला?" मी विचारलं.

"समोरून नाही दिसत. तिथे काकांचं पोट येतं."

"अगं, पण तीन दिवस तू स्वतः तिथे उभी आहेस ना?"

"उभी होते, पण पेल्यांकडे बघत कुठे होते? डोळ्यांपुढे काकांना आणत होते."

सासूबाई म्हणाल्या, "माझी लेक शहाणी आहे, फक्त उशिरा पोचते," आणि कुकर बंद करायला गेल्या. त्यांच्या तोंडून तिच्यासाठी शहाणी हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

दुसऱ्या दिवशी तिने पेले बदलले. तळाला शाईसारखं निळं, वर चढत फिकं, अगदी वर स्वच्छ पाणी. काकांनी चष्मा लावून बघितलं, काही बोलले नाहीत, आणि ती वाईट खूण नव्हती.

आता दुसरी अडचण उभी राहिली, आणि ती आम्हाला सगळ्यांना आधीपासून ठाऊक होती. ओतायचं असतं ते सावकाशच, एका काचेला चार मिनिटं, धार तुटू न देता. ते तिला जमायचं. पण त्याच्या आधीचं आणि नंतरचं सगळं झटपट हवं, आणि विरजण घालून झाल्यावर ही बाई नळीचं टोक शोधायला लागायची. मग चिमटा. मग वरून पाण्याचा थर द्यायची पिचकारी, जी कपाटात असायची. दोनदा द्रावण नळीतच धरलं. नळी कापून फेकावी लागली.

"जेल म्हणजे तुझ्या माहेरची माणसं नव्हेत," काका म्हणाले, "तुझी वाट बघत थांबायला."

मी तिला एवढंच सांगितलं, की साखरेचा पाक तारेवर आल्यावर जी बाई ताट शोधायला धावते तिचा पाक कढईतच राहतो. ताट आधी मांडायचं, तूप आधी लावायचं, आणि मगच गॅस पेटवायचा. तिने ते मनावर घेतलं. एका कागदावर टेबलाचं चित्र काढलं आणि प्रत्येक वस्तूला जागा ठरवली. पिचकारी उजव्या कोपराशी, चिमटे काचेलाच लावलेले, नळी आधीच फटीत, टाकाऊ पाण्याचा पेला पायाशी. एक पाऊल इकडेतिकडे पडायला नको. घरी ती तोच कागद ओट्यावर ठेवून रिकाम्या हातांनी सराव करायची, आणि मला पोळ्या लाटायला जागा उरायची नाही. हे म्हणाले, "हे काय, मुक्याचं नाटक?" ती म्हणाली, "दादा, तुझ्या मागे पिचकारी आहे, सरक." आणि हे खरोखर सरकले.

ती झपाझप काही करायला लागली नाही. ती तेवढीच हळू राहिली, फक्त करायच्या गोष्टी कमी झाल्या. विरजणानंतरच्या अकरा मिनिटांची आठ झाली. तिसऱ्या आठवड्याच्या बुधवारपर्यंत तिने वहीतल्या मापाने सहा जेल ओतल्या होत्या आणि त्यांतल्या पाच बऱ्या होत्या. वही काकांची, जाड पुठ्ठ्याची, पानांवर डाग पडलेली. कशाचं किती ते सगळं त्यात होतं.

पुढचं मी तिथे असल्यासारखं सांगते आहे, पण मी तिथे नव्हते. आधी तिने सांगितलं, नंतर काका एकदा घरी येऊन गेले तेव्हा त्यांनी सांगितलं. दोघांच्या सांगण्यात फरक फक्त मिनिटांचा आहे.

शुक्रवारी सकाळी ती पोचली तर खोलीतलं गारव्याचं यंत्र बंद. एक माणूस शिडीवर चढून त्याच्या पोटात हात घालून बसला होता. बाहेर तीन दिवस उन्हाचा नुसता जाळ होता, आणि खोलीच्या भिंतीवरचा तापमापक चौतीसवर गेला होता. एरवी तो बावीसवर असायचा. तिने सराव केला होता तो सगळा बावीस अंशांत.

बाई आल्या, त्यांनी तापमापक बघितला. "मी पुढे ढकलली असती," त्या म्हणाल्या, "पण सोमवारी मला जागेचं वर कळवायचंय. आज नाही तर नाही."

"आजच करू या बाई," हळूबाई म्हणाली.

काका कोपऱ्यातल्या खुर्चीत हाताची घडी घालून बसले. बाईंनी वही उघडून समोर धरली आणि एकेक ओळ बघत राहिल्या. चार जेलपुरतीच द्रावणं मोजून ठेवलेली होती, पाचवीला नव्हती. हळूबाईने काचा बांधल्या, पेले ठेवले, दाट तोटीच्या पेल्यात, पातळ शेजारच्या. मग विरजणाची पाळी आली. ते घालायला दोन काचेच्या मोजनळ्या होत्या. एक लाल रेघेची, आणि एक हिरव्या रेघेची, तिच्या निम्म्या मापाची. वहीत लाल लिहिलेली होती. हळूबाईने लाल उचलली, परत ठेवली, आणि हिरवी घेतली.

"वहीत लाल आहे," बाई म्हणाल्या.

"हो बाई."

"मग?"

तिने नळी हातात तशीच धरून ठेवली. तिला भराभर बोलता येत नाही, आणि समोर बाई उभ्या, शिडीवरचा माणूसही थांबून ऐकायला लागलेला. "बाई, एरवी माझ्याकडे धुवायला लाल नळी येते. रोज. आणि उन्हाळ्यात, हे यंत्र बंद पडलं की, हिरवी येते. दर वर्षी. काका वहीत काय लिहितात ते मी आत्ता आत्ता वाचलं. पण धुवायला काय येतं ते मला नऊ वर्षं माहीत आहे."

बाईंनी मान वळवून काकांकडे बघितलं. "काका?"

"पेपर तिचा आहे," काका म्हणाले. "माझा नाही."

उन्हात दूध लवकर विरजतं म्हणून विरजण कमी लावायचं, हे कुठल्याही घरात कळतं. पण दुधाचं विरजण चुकलं तर फार तर दही आंबतं. इथे कमी पडलं तर जेल जमणारच नाही, दिवसभर पाणी राहील, आणि तिने निम्मं माप आधी कधीच घालून बघितलं नव्हतं. वहीतलं घातलं असतं तर निदान म्हणता आलं असतं, वहीप्रमाणे केलं. नळी बंद पडली असती तरी दोष उन्हाचा ठरला असता. आता जे होईल ते तिचं होतं.

तिने दर काचेच्या वेळी हिरव्या नळीनेच घातलं. पहिली ओतली, दुसरी, तिसरी, चौथी. तळाला गडद, वर फिकं. नळीत काही अडलं नाही. चारही काचांवर पिचकारीने पाण्याचा थर इतक्या हलक्या हाताने दिला की शिडीवरचा माणूस म्हणाला, "बाई, माझ्या पोराला औषध पाजायला याल का?" कोणी हसलं नाही.

मग वाट बघायची. पाण्याचा थर दिला की आधी पाणी आणि द्रावण यांच्यामध्ये एक रेघ दिसते, मग ती विरघळून जाते, आणि जेल जमली की ती रेघ परत येते, सुरीने ओढल्यासारखी स्वच्छ. ती परत आली म्हणजे जमलं. वहीत लिहिलं होतं, वीस मिनिटं. वीस झाली, रेघ नाही. पंचवीस झाली. बाई आपल्या खोलीत जाऊन आल्या. तिसाव्या मिनिटाला शिडीवरचा माणूस खाली उतरून पाणी प्यायला. बाईंनी दोनदा घड्याळ बघितलं आणि वही मिटली. हळूबाई काचांसमोर स्टुलावर बसून राहिली. तिने काच हलवली नाही, पेला तिरका करून बघितला नाही, कोणाकडे पाहिलं नाही. वाट बघण्याचा तिला कधी कंटाळा आलेला नाही, आणि त्या खोलीत तसं दुसरं कोणी नव्हतं.

"मला आतून फार भीती वाटत होती वहिनी," तिने मला सांगितलं. "वाटलं, काका हिरवी नळी भलत्याच कशाला वापरत असतील तर?"

चाळिसाव्या की बेचाळिसाव्या मिनिटाला काका खुर्चीतून उठले. गुडघ्यावर हात ठेवून वाकले, एक डोळा मिटून पहिल्या काचेच्या रेषेत बघितलं. मग दुसऱ्या. मग तसेच वाकलेले असताना म्हणाले, "आली."

बाईही वाकल्या. चारही काचांत रेघ होती.

"काका," बाई सरळ होत म्हणाल्या, "हे वहीत का नाही?"

"वहीत लिहिलं की लोकांना वाटतं, वहीच ओतते," काका म्हणाले. "आणि विचारलं कोणी? एकतीस वर्षांत ही पहिली, जिने बघितलं तरी." त्यांनी बाईंच्या हातातून वही घेतली, खिशातलं पेन काढलं, आणि मापाच्या ओळीशेजारी काहीतरी लिहिलं. काय ते हळूबाईने लगेच वाचलं नाही. तिला काचा उचलायच्या होत्या.

पण जमणं म्हणजे अर्धंच काम. दुपारी चारही जेलमध्ये नमुने सोडले, प्रवाह लावला, संध्याकाळी त्या रंगात बुडवून ठेवल्या. रंग रात्रभर चढतो आणि सकाळी धुवून काढावा लागतो. म्हणून निकाल शनिवारी.

शनिवारी ती गेली तेव्हा आम्ही तिघं घरात काही ना काही करत बसलो. हे रेडिओ उघडून परत जोडत होते, त्याला काही झालेलं नसताना. सासूबाईंनी तेच तांदूळ दोनदा निवडले. मी फोनजवळची धूळ पुसली. फोन आला नाही. दीड वाजता दार वाजलं.

ती आत आली, चप्पल काढली, चप्पल नीट लावली, पिशवी खुंटीला अडकवली, हात धुतले, आणि खुर्चीत बसून सुरुवातीपासून सांगायला लागली. बस उशिरा आली. यंत्र दुरुस्त झालंय, आता खोली गार आहे. काका आधीच येऊन बसले होते. मग तिने जेल रंगातून काढल्या, पाण्यात हलवल्या, किती वेळा ते सांगितलं.

"अगं, पुढे," हे म्हणाले.

"येतेय ना दादा. मग बाई आल्या. दिव्याच्या काचेवर एकेक ठेवली. पहिलीत रेघा अगदी वेगवेगळ्या. बाईंनी मोजल्या. तिसरी, चौथी, तशाच. दुसरीची डावी कड जरा वर वळली होती, तिथल्या रेघा हसल्यासारख्या. बाई म्हणाल्या, ही वाकली का? मी म्हटलं, त्या बाजूचा चिमटा घट्ट बसला असेल, काच दबली असेल. त्या म्हणाल्या, असेल. मग परत पहिली बघितली."

"आणि?" सासूबाई.

"आणि म्हणाल्या, सोमवारी दुसरी परत ओता."

यांनी रेडिओचा स्क्रू खाली ठेवला. "म्हणजे नापास," ते हळूच म्हणाले. "चार म्हणाल्या होत्या त्या. चारही धावल्या पाहिजेत म्हणाल्या होत्या. जाऊ दे. मी त्या ओळखीच्या ठिकाणी विचारतो."

हळूबाईने भांड्यातलं पाणी संपवलं, भांडं टेबलावर ठेवलं, आणि भावाकडे बघितलं.

"नाही रे दादा," ती म्हणाली. "ज्याला काढायचं असतं, त्याला कोणी परत ओत म्हणत नाही."